कडुलिंबाखालची सभा

सुभानराव मोहित्यांच्या आजोबांनी गायकवाडांच्या पागेत घोडा नाचवला, वडिलांनी त्याच पागेत घोड्यांना दाणा घातला आणि सुभानरावांनी स्वतः जन्मभर टाक चालवला. घराणं पिढीगणिक एकेक पायरी खाली उतरत गेलं, असं त्यांचे भाऊबंद म्हणत. सुभानरावांना त्यात काडीचा कमीपणा वाटत नसे. बडोद्यात वाडी भागातल्या त्यांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, आजोबांची तलवार खुंटीला टांगलेली होती. पाहुणा मोठ्या आशेने तिच्याकडे बघे, आणि सुभानराव त्याच्या हातात एखाद्या गावच्या ठरावाची, स्वतःच्या हस्ताक्षरातली नक्कल ठेवत. अक्षर बघा, म्हणत. बिचारा पाहुणा अक्षर बघे.

माणूस नाकासमोर चालणारा. कचेरीत त्यांच्याकडे ग्रामपंचायतींचं काम होतं. महाराजांच्या राज्यात तेव्हा गावोगाव पंचायती होत्या. काही पंच गाव निवडून देई, काही सरकार नेमी, आणि महिन्याच्या सभेचं कामकाज लिहायला या कचेरीतून कारकून जाई. सुभानरावांच्या वाट्याला अशी सहा गावं आली होती. सभेचे नियम त्यांना तोंडपाठ होते. कुणी शंका काढली की आधी आढ्याकडे बघायचं, मग कलमाचा आकडा सांगायचा आणि मग कलम म्हणून दाखवायचं, असा त्यांचा खाक्या होता. अकरा वर्षांत त्यांच्या वहीत एकही खाडाखोड झाली नव्हती. नवा कारकून रुजू झाला की त्याला ती वही मुद्दाम दाखवत, आणि तो त्या दिवसापासून सुभानरावांवर मनातून चिडून असे.

खाडाखोड टाळण्याची त्यांची एक रीत होती. हजेरी घेताना ते मान वर करत नसत. नाव पुकारायचं, ‘हाजर’ असा आवाज आला की लिहायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. पुढे पुढे तर आवाज यायच्या आधीच टाक चालू लागे, कारण सहा गावांतले सगळे आवाज त्यांच्या ओळखीचे झाले होते. रविवारी खंडेराव मार्केटातून भाजी आणली की ती सुद्धा ते एकेक वांगं बाजूला काढून मांडत. “सगळी हजर आहेत का?” असं त्यांच्या पत्नी मथुराबाई आतून विचारत. सुभानरावांना ती थट्टा आहे हे कळायला लग्नानंतर चार वर्षं लागली होती.

या सहा गावांतल्या एका गावाची ही गोष्ट. नाव सांगायचं कारण नाही. बाजव्याच्या स्टेशनावर उतरून दीड कोस चाललं की ते लागे, एवढं पुरे. तिथल्या आजच्या माणसांनी आजोबांच्या वागण्याचा जाब का द्यावा?

त्या गावची पंचायत नऊ जणांची. त्यांतले आठ जण चोऱ्यात, म्हणजे गावच्या चावडीत, सतरंजीवर बसत. नववे पुंजाभाई वणकर. गावातल्या अंत्यजांच्या वतीने सरकारने त्यांना पंच नेमलं होतं, आणि ते चोऱ्याबाहेर वीस पावलांवर, कडुलिंबाखाली बसत. तिथे बस असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नव्हतं. सरकारने त्यांना पद दिलं होतं, गावाने त्यांना जागा दाखवली होती, आणि दोन्ही हुकूम एकदमच पाळले जात होते. हजेरीला नाव आलं की पुंजाभाई कडुलिंबाखालून मोठ्याने ‘हाजर’ म्हणत. सभा संपली की सुभानराव वही चोऱ्याच्या खालच्या पायरीवर ठेवून मागे सरकत, पुंजाभाई पुढे येऊन सही करत, परत जात, आणि मग सुभानराव वही उचलत. दोन वर्षं हे असं चाललं होतं. सुभानरावांना त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही. हजेरी झाली, सही झाली, आणखी काय हवं?

पुंजाभाई तिशी ओलांडलेले, ताठ अंगाचे गृहस्थ होते. घरी माग होता. सरकारने अंत्यजांसाठी काढलेल्या शाळेत गुजराती सहा इयत्ता शिकलेले. सरकारी आज्ञापत्रिका गावात आली की मुखी, म्हणजे गावचा पाटील, ती खणात ठेवून देई. पुंजाभाई ती शाळेच्या मास्तरांकडून मागून आणत आणि ओळ न् ओळ वाचत. बोलणं कमी. पंच झाल्यापासून त्यांनी एकच विषय धरून ठेवला होता. वणकरवासात, म्हणजे वणकरांच्या वस्तीत, विहीर नव्हती. बायका गावविहिरीपासून लांब घडे ठेवून उभ्या राहत. कुणाला दया आली तर वरून पाणी ओते, नाही तर गुरं उतरतात त्या तलावाचं पाणी गाळून प्यावं लागे. वासात एक विहीर खोदावी, असा पुंजाभाईंचा अर्ज होता. तो पाच वेळा सभेपुढे आला आणि पाचही वेळा त्याला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. वहीत प्रत्येक वेळी सुभानरावांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच ओळ होती: सर्वानुमते तहकूब.

माघ महिन्यातली सभा आटोपून सुभानराव स्टेशनाकडे निघाले, तर मागून दहा पावलांचं अंतर ठेवून पुंजाभाई येत होते. गाव मागे पडल्यावर त्यांनी हाक मारली.

“साहेब, सर्वानुमते एटले बधा ने? सगळे?”

सुभानराव न थांबता म्हणाले की हो, सगळे.

“मग त्यात मीही आलो. माझं मत कधी घेतलं?”

तुमची सही आहे, असं सुभानरावांनी जरा तुटकपणे सांगितलं. पुंजाभाईंनी ते नाकारलं नाही. सही केली, कारण हजर होतो, म्हणाले. हजर होतो, कारण माझी हाक चोऱ्यात ऐकू येते. पण चोऱ्यातलं बोलणं कडुलिंबापर्यंत येत नाही. विहिरीचा विषय केव्हा निघाला आणि केव्हा मिटला ते मला सही करताना वाचून कळतं. मग त्यांनी बंडीच्या खिशातून नियमांचं चोपडं काढलं, पण उघडलं नाही. कलम सुभानरावांना पाठ असणार हे त्यांना ठाऊक होतं. एखादा अर्ज नामंजूर झाला तर विरोध नोंदवलेल्या पंचाला महिन्याच्या आत वरच्या कचेरीत दाद मागता येते. सर्वानुमते तहकूब झालेल्या अर्जावर मात्र दाद नाही, कारण भांडण कुणाचंच नाही.

“म्हणजे मी हजर आहे तो हो म्हणण्यापुरता,” पुंजाभाई म्हणाले. “नाही म्हणायला मी तिथे नसतोच. साहेब, मला जिंकायचं नाही. नवांत मी एक, जिंकणार कसा? पण हरायचं तर हरताना मी तिथे असायला हवा.”

बाजव्याच्या स्टेशनावर ते बाकावर बसले, गाडी आली, थांबली आणि गेली, तरी ते बसलेलेच होते. बडोद्याला पोचायला त्यांना दोन तास उशीर झाला आणि का झाला ते मथुराबाईंना सांगता येईना. ज्या कलमांच्या जोरावर त्यांनी अकरा वर्षं मान ताठ ठेवली होती, त्याच कलमांनी एका माणसाच्या तोंडाला इतकी बेमालूम पानं पुसली जात होती आणि ती पुसणारा हात त्यांचाच होता.

फाल्गुनातल्या सभेत त्यांनी नेहमीप्रमाणे खाली मान घालून हजेरी घेतली. सवय हो, एकदम कशी जाणार? नववं नाव पुकारलं आणि टाकाने सवयीने ‘हाजर’ लिहून टाकलं. बाहेरून आवाज आला तो वेगळाच.

“पुंजा वणकर हाजर नथी, साहेब.”

सुभानरावांनी मान वर केली. चोऱ्यातले आठही जण दाराकडे बघत होते. पुंजाभाई कडुलिंबाखाली हात जोडून उभे होते. जिथे पंच बसले आहेत तिथे मी असेन तर मला हजर लिहा, मी तिथे नाही, तेव्हा गैरहजर लिहा, असं त्यांनी तिथूनच स्वच्छ सांगितलं. मुखीला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लागोपाठ तीन सभा गैरहजर राहिलेल्या पंचाची जागा आपोआप रद्द होते, हे एकच कलम मुखीला पाठ होतं. लिहून टाका साहेब, तो स्वतःच सांगतोय, म्हणाला. आणि सुभानरावांनी, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचा एक शब्द खोडला. वर ‘गेरहाजर’ लिहिलं, बाजूला सही केली.

चैत्रातल्या सभेआधी ते मुद्दाम लवकर गेले आणि कडुलिंबाखाली जाऊन पुंजाभाईंची समजूत घालू लागले. एकदाच हजर म्हणा, जागा वाचेल, पुढचं पुढे बघू. जागा गेली तर विहिरीचं नाव काढणाराही उरणार नाही. पुंजाभाईंनी सगळं ऐकून घेतलं. वासातली माणसंही हेच म्हणतात, म्हणाले. आई तर बोलायचीच थांबली आहे. पण हजर म्हटलं की पुन्हा सर्वानुमते होणार, आणि त्या सर्वानुमतेपेक्षा रिकामी जागा बरी. ती निदान रिकामी दिसते तरी. दुसरी गैरहजेरी लागली. आता उरली होती एक सभा.

सुभानराव कचेरीच्या मुख्याकडे, वहिवटदार तात्यासाहेबांकडे गेले. तात्यासाहेब म्हणजे पिढीजात अंमलदार घराणं. माणूस मऊ बोलणारा आणि ताकास तूर लागू न देणारा. त्यांनी सगळं ऐकलं आणि सुपारी कातरत सांगितलं की पंचाने कुठे बसावं हे नियमात नाही, म्हणून ते आपण बोलायचं नाही. तो आवारात असतो ना? मग तो काहीही म्हणो, तुम्ही हजर लिहा, म्हणजे त्याची जागाही जात नाही आणि गावही दुखावत नाही. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सहज बोलल्यासारखी सांगितली. अव्वल कारकुनाच्या जागेसाठी सुभानरावांचं नाव वर गेलं आहे. या महिन्या-दोन महिन्यांत काही कुरबूर होऊ नये.

तोड अगदी बिनबोभाट होती. एक शब्द लिहायचा आणि सगळ्यांचं भलं. सुभानराव घरी येऊन ओटीवर बसले आणि त्यांनी मथुराबाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुंजाभाई, विहीर, पायरीवरची वही, खोडलेला शब्द, अव्वल कारकुनाची जागा. मथुराबाई मेथी निवडत होत्या. शेवटची काडी निवडून झाली. मग त्यांनी विचारलं,

“हजेरी घेताना तुम्ही मान वर करून बघितलं असतंत, तर तो माणूस सभेत नाहीच हे केव्हा दिसलं असतं?”

“पहिल्याच दिवशी,” सुभानराव म्हणाले.

मथुराबाई मेथी घेऊन आत गेल्या. थट्टा करायचीही त्यांनी तसदी घेतली नाही, आणि सुभानरावांना तेच जास्त लागलं.

वैशाखातल्या सभेला ऊन मी म्हणत होतं. चोऱ्यात पंच जमले होते आणि सगळे खुशीत होते, कारण त्या दिवशी तलावाच्या बांधाची मंजुरी व्हायची होती. पावसाआधी बांध झाला नाही तर मुखीची आणि आणखी चौघांची शेतं पाण्याखाली जाणार होती. शिवाय आज वणकराची जागा जाणार, हा वरचा आनंद. सुभानराव आले, चोऱ्यात चढले, सगळ्यांना राम राम केला. मग त्यांनी आपलं लिहायचं उतरतं डेस्क उचललं, दौत वर ठेवली, वही काखेत मारली आणि पायऱ्या उतरून ते सरळ कडुलिंबाखाली जाऊन मांडी घालून बसले. पुंजाभाई दचकून उठले आणि मागे सरकू लागले.

“बसा, पुंजाभाई,” सुभानराव म्हणाले. “सभा चालू आहे.”

पुंजाभाई बसले. दोघांच्या मध्ये हातभर जागा होती. पागेतल्या आजोबांनी लढाईत काय केलं असेल ते असो, नातवाला वीस पावलं चालताना घाम फुटला होता. पण बसल्यावर त्यांनी आढ्याकडे बघायच्या सवयीने वर बघितलं, तिथे कडुलिंबाचा मोहोर होता, आणि कलम त्यांना धडाधड आठवू लागलं. सभा गावाच्या हद्दीत, दिवसाउजेडी आणि सगळ्या पंचांना ऐकू जाईल अशी भरवावी. छप्पर हवं, असं कुठल्याच कलमात नव्हतं. त्यांनी ते मोठ्याने म्हणून दाखवलं आणि पहिलं नाव पुकारलं. या वेळी मान वर होती.

“हाजर!” चोऱ्यातून मुखीचा आवाज आला.

“मुखी, आवाज आला. माणूस दिसत नाही,” सुभानराव शांतपणे म्हणाले. “गेरहाजर लिहू?”

आत कुजबुज चालली होती. पाच पंच जमल्याशिवाय सभा होत नाही, सभा झाली नाही तर बांध होत नाही, हे गणित आतल्या सगळ्यांना येत होतं. सुभानरावांनी सगळी नावं एकेक करून पुकारली आणि कुणापुढेच काही लिहिलं नाही. नववं नाव घेतलं. शेजारून, अगदी हळू आवाजात, कारण ओरडायची गरजच नव्हती, पुंजाभाई म्हणाले, “हाजर.” ते लिहिलं गेलं.

आधी एक म्हातारा कुंभार पंच काठी टेकत बाहेर आला आणि कडुलिंबाच्या मुळावर बसला. मग त्याच्या मागे आणखी दोघे. मग बांधाखाली शेत असलेले चौघे, पायात काटा गेल्यासारखी तोंडं करून. सगळ्यांत शेवटी मुखी आला. सतरंजी मात्र कुणी आणली नाही, म्हणून नऊचे नऊ जण त्या दिवशी एकाच मातीत बसले.

बांधाचा ठराव झाला. पुंजाभाईंनीही हात वर केला आणि सुभानरावांनी ‘सर्वानुमते’ लिहिलं. तो शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरा होता. मग विहिरीचा अर्ज निघाला. मुखी नेहमीसारखा म्हणाला, तहकूब. पुंजाभाई म्हणाले, माझा विरोध आहे. सुभानरावांनी सांगितलं की मग सर्वानुमते तहकूब होत नाही; हात वर करून काय तो निकाल लावा. विहीर व्हावी म्हणून तीन हात वर गेले, पुंजाभाईंचा, म्हाताऱ्या कुंभाराचा आणि आश्चर्य म्हणजे बांधवाल्या चौघांतल्या एकाचा. होऊ नये म्हणून सहा. अर्ज नामंजूर. मुखीने मिशीवरून हात फिरवला. त्याला वाटलं, वणकर हरला. पुंजाभाईंच्या चेहऱ्यावर सुभानरावांनी दोन वर्षांत पहिल्यांदा हसू बघितलं, आणि मुखी त्या हसण्याने कोड्यात पडला. सहीची वेळ आली तेव्हा सुभानरावांनी वही खाली ठेवली नाही. हातातून हातात दिली. पुंजाभाईंनी ती क्षणभर नुसती धरून ठेवली आणि मग सही केली. सहीच्या वर त्यांनी स्वतः लिहिलं: माझा विरोध.

नामंजूर झालेल्या अर्जावर दाद मागायला महिना असतो. पुंजाभाईंनी आठव्या दिवशी कागद कचेरीत दिला. आता तात्यासाहेबांची गंमत बघा. जोवर तोंडी गोष्ट होती तोवर ते काही बोलत नव्हते, पण एकदा कागद टेबलावर आला, त्यावर ठराव, मतं, विरोध, सगळं रीतसर, की हा माणूस कागदाशी बेइमानी करणारा नव्हता. त्यांनी वणकरवासाची पाहणी करवली, तलावाचं पाणी बाटलीत भरून मागवलं, आणि सरकारी खर्चाने विहीर मंजूर केली. त्याच दिवशी त्यांनी दुसऱ्याही एका कागदावर सही केली. वरिष्ठांना न विचारता सभेची जागा बदलल्याबद्दल कारकून सुभानराव मोहिते यांना ठपका. अव्वल कारकुनाची जागा दुसऱ्याला गेली, आणि तो त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटा होता. ठपक्याची एक प्रत दप्तरी लावायची असते. ती नक्कल करायचं काम सुभानरावांकडेच आलं. त्यांनी ती सुरेख अक्षरात केली, एकही खाडाखोड न करता. पुढे पाहुण्यांना ते हीच नक्कल दाखवू लागले.

पुढच्या दोन सभा कडुलिंबाखालीच झाल्या. पहिल्या सभेत वाऱ्याने कागद उडाले, दुसरीत मुखीच्या गुडघ्यांनी दगा दिला. साठी उलटलेला माणूस, जमिनीवर बसलं की उठता येईना. शेवटी तो वैतागून म्हणाला की आता आत बसूया.

सुभानरावांनी टाक थांबवला आणि विचारलं, “कोण कोण?”

मुखीने पुंजाभाईंकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर प्रेम वगैरे काही नव्हतं, ते पुढेही कधी आलं नाही. पण गुडघे दुखत होते, पुढच्या सभेचेही विषय होते, आणि हा कारकून डेस्क घेऊन कुठेही जाऊन बसेल याची त्याला आता खात्री पटली होती.

“बधा,” तो म्हणाला.

सगळे आत गेले. पुंजाभाई सतरंजीच्या कडेला बसले. कडेला का होईना, तिथून प्रत्येक शब्द ऐकू येत होता, आणि त्या दिवशी त्यांनी दोन ठरावांना विरोध केला आणि दोन्हींत ते हरले. सुभानरावांनी दोन्ही विरोध लिहून घेतले.

पुढल्या माघात विहिरीला पाणी लागलं. चौथ्या दिवशी सकाळी वाडीत सुभानरावांच्या दारात पुंजाभाई उभे होते. हातात तांब्याची नवी कळशी, तिच्या तोंडाला स्वतःच्या मागावरचं पांढरं कापड बांधलेलं. पहाटे निघून, बाजव्याहून गाडीने, सांडू न देता आणलेलं पाणी. कळशी धरून अंगणात उभे राहिले.

सुभानराव ओटीच्या कडेपर्यंत आले आणि तिथेच थांबले. खोटं कशाला सांगायचं, त्यांचा पाय अडला. चोऱ्यात त्यांच्या हातात वही होती, पाठीशी कलमं होती, आणि ते जे वागले ते सरकारचे कारकून म्हणून वागले होते. इथे कुठलंच कलम नव्हतं. वणकराच्या हातचं पाणी प्या असं सांगणारा कायदा महाराजांनीही केलेला नव्हता. शेजारच्या भाऊबंदांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि एकीत कुणीतरी उभं होतं. पुंजाभाईंना हे सगळं कळत होतं. ते बघत होते ते कळशीकडे, सुभानरावांकडे नव्हे, म्हणजे त्यांना नाही म्हणणं सोपं जावं. त्यांच्या या भलेपणाने सुभानरावांना स्वतःची फार लाज वाटली.

“आत या,” ते म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले, “पुंजाभाई, वर या. घरात या.”

पुंजाभाईंनी मान वर केली. “साहेब, अहीं पण कायदो छे?”

“नाही,” सुभानराव म्हणाले. “इथे कायदा नाही. इथे मी सांगतोय.”

पुंजाभाईंनी वहाणा काढल्या आणि ते ओटीवर आले. मथुराबाई आतून दोन फुलपात्रं घेऊन आल्या होत्या. त्या केव्हापासून दाराआड उभ्या होत्या कोण जाणे. सुभानराव हात पुढे करायला अजून धीर गोळा करत होते, तेवढ्यात मथुराबाईंनी स्वतःचं फुलपात्र पुढे धरलं. पुंजाभाईंनी कापड सोडलं आणि ओतलं. मथुराबाई खिडकीतल्या माणसाला दिसेल अशा बेताने ओटीच्या कडेला बसल्या आणि सावकाश सगळं पाणी प्यायल्या. मग सुभानरावही प्यायले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पाणी कसं आहे ते त्यांना कळलंच नाही.

पुंजाभाईंनी विचारलं, कसं आहे? सुभानराव घाईघाईने म्हणाले, गोड आहे, फार गोड आहे.

“थोडं मचूळ आहे हो,” मथुराबाई म्हणाल्या. “नव्या विहिरीचं असतंच. दोन पावसाळे गेले की सुधारेल.”

हो बहेन, थोडं मचूळच आहे, असं पुंजाभाई म्हणाले आणि मोकळेपणाने हसले. मथुराबाईंनी फुलपात्र पुन्हा पुढे केलं.